येते म्हणावं

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी येणाऱ्या बायामाणसांना एक त्रास झाला. चहापाणी व्हायचं, गप्पा व्हायच्या, इथपर्यंत सगळं रीतसर. मग पाहुणी उठायची, पदर सावरायची आणि म्हणायची, "बरं, जाते आता." त्यावर माझी माय सवयीनं म्हणायची, "जाते म्हनू न्हाई गं, येते म्हनावं." तेवढ्यात आतल्या खोलीतून माझी लेक मांडीवर थाप मारून ओरडायची, "आलं."

पाहुणी दचकून दाराबाहेर बघायची. कोण आलं?

कोणी आलेलं नसायचं. नाव आलेलं असायचं.

'येते म्हणावं' ही संध्याकाळी साडेसातची मालिका. नवी सून रोज सकाळी कामाला निघताना "जाते" म्हणते आणि झोपाळ्यावर बसलेली आजेसासू तिला सुधारते, एवढ्यावर सगळी गोष्ट उभी. घर असं की हॉलमधूनच गोल जिना वर गेलेला. परभणीत असा जिना मी फक्त एका मंगल कार्यालयात पाहिलाय, आणि तिथंही तो वरपर्यंत जात नाही, फोटो काढण्यापुरता आहे.

माझ्या लहानपणी मालिकांची नावं एका-दोन शब्दांची असायची आणि त्यांतलं एकही माणूस ते नाव तोंडातून काढायचं नाही. आता नाव म्हणजे आख्खं वाक्य असतं, क्रियापदासकट. वाक्य म्हटलं की ते कधीतरी कुणीतरी बोलणारच. पहिल्यांदा त्या आजेसासूनं ते वाक्य उच्चारलं तेव्हा माझी लेक, जी तेव्हा नववीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती, ताडकन उठून बसली. "पप्पा, ती नाव बोलली." भिंतीवरच्या कॅलेंडरनं आपणहून आजची तारीख सांगावी तसं काहीतरी वाटलं आम्हाला. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे कान लावून बसलो. तिसऱ्या दिवशी त्याचा खेळ झाला होता.

खेळ साधा. मालिकेतल्या कुणी मालिकेचं नाव घेतलं की जो पहिल्यांदा मांडीवर थाप मारून "आलं" म्हणेल तो जिंकला. जिंकणाऱ्याला कूलरसमोरची खुर्ची, पुढचं नाव येईपर्यंत. परभणीच्या उन्हाळ्याबद्दल परभणीच्या माणसाला सांगायची गरज नाही आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही, म्हणून मी एवढंच म्हणतो की त्या खुर्चीसाठी आमच्या घरात नाती विसरली गेली. कूलर जुना, पत्र्याचा. लावला की घरात बोलायचं ते ओरडूनच. पण समोर बसणाऱ्याला मे महिन्यातसुद्धा गोधडी आठवायची.

माझी बायको नगरकडची. ती स्वयंपाकघरात असताना बाहेरून "आलं" ऐकू आलं की तिथून विचारायची, "चहात टाकू का?" माय म्हणायची, "अद्रक म्हन, अद्रक. आलं म्हनलं की घोटाळा व्हतो." हा विनोद आम्ही उन्हाळाभर रोज केला आणि रोज हसलो. आमच्या घरात विनोदाला जुनं होण्याची मुभा नाही.

पुढं कायदेकानू वाढत गेले. शीर्षकगीतातलं नाव धरायचं नाही. 'येतो म्हणावं' चालणार नाही, कारण नाव बाईचं आहे. 'ण'च्या जागी 'न' चालेल. हे कलम खास मायसाठी. घरात कुणी बोललं तर ते सरावाचं, त्याला खुर्ची नाही. एकदा मालिकेतली खाष्ट आत्या म्हणाली, "तिला येते म्हणावं लागेल." मी थाप मारली. बायको म्हणाली, "म्हणावं लागेल, हे वेगळं झालं. पुढं 'लागेल' आहे." मी म्हणालो, "नाव तर पुरं आलं." दोन दिवस हा खटला चालला. पिंगळीच्या शाळेत मी विज्ञान शिकवतो, तिथल्या मराठीच्या बाईंचंही मत मी मधल्या सुट्टीत घेतलं. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "सर, सुट्ट्या लागू द्या आता."

पण खरं सांगायचं तर आमच्या तिघांचे खटले दुसऱ्या नंबरासाठी चालायचे. पहिला नंबर मायचा. दहातल्या आठ वेळा तीच. आम्ही तिघं कूलरच्या घरघरीतून संवाद वेचायच्या प्रयत्नात पुढं झुकलेलो असायचो, आणि ती, कूलरच्या अगदी तोंडाशी बसलेली, नाव पुरं व्हायच्या आत थाप मारून मोकळी. "आलं. व्हा बाजूला, वारं अडायलंय."

"माझ्या मायचे कान लय तिखट," असं मी शाळेत सांगत फिरलो. हे वाक्य नंतर मला बरेच दिवस टोचत राहिलं.

माय आमच्याकडे राहायला आली ती वडील गेल्यावर. त्याआधी तिचं सगळं आयुष्य वालूरला, पिठाच्या गिरणीत. वडील पट्टा आणि मोटर बघायचे, माय दळण घ्यायची. गिरणी चालू असताना कानाशी तोंड नेलं तरी शब्द कळायचा नाही. पण कुणाची ज्वारी जाडी हवी, कुणाची बारीक, कुणाला आधी पाहिजे आणि कुणाचं भांडण झालंय, हे मायला डबा खाली ठेवायच्या आत कळलेलं असायचं. लहानपणी मला ती जादू वाटायची. मोठेपणी मी ती विसरलो.

शेजारी एक नर्सबाई राहतात. सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणते. त्यांची ड्युटी बदलती, साडेसातला टीव्हीसमोर बसणं कधी जमायचंच नाही. दुसऱ्या दिवशी त्या कुंपणापाशी येऊन म्हणायच्या, "जयभीम मावशी. काल काय झालं?" मग माय हातातली भाजी बाजूला ठेवून गोष्ट सांगायची. अर्धा तास. मालिका जाहिराती वगळता वीस मिनिटांची. सिस्टर म्हणायच्या, "मावशी, तुमी सांगता ते बघन्यापेक्षा भारी वाटतंय." आम्ही तिघांनी मात्र ते सांगणं कधी कान देऊन ऐकलं नाही. आम्ही मालिका पाहिलेली असायची ना.

मे महिन्यातली एक संध्याकाळ. कूलरमधलं पाणी संपलं म्हणून लेकीनं तो बंद केला आणि बादली भरायला गेली. त्याच वेळी मुख्याध्यापकांचा फोन आला. त्यांना सुट्टीतही कसलेतरी तक्ते हवे असतात. मी रिमोटवर टीव्हीचा आवाज बंद केला, बोललो, फोन ठेवला आणि आवाज चालू करायचं विसरलो. बायको कैऱ्या चिरत होती. लेक बादली घेऊन दारात. उन्हाळा लागल्यापासून पहिल्यांदाच घरात इतकी शांतता होती की विळीवर कैरी उतरल्याचा आवाज येत होता.

आणि मायनं मांडीवर थाप मारली. "आलं."

टीव्हीवर ती सून उंबऱ्याशी उभी होती, केस भुरभुरत होते, झोपाळ्यावरच्या बाईचे ओठ हलून थांबले होते. आवाज काडीचा नव्हता.

"आज्जी," लेक म्हणाली, "आवाज बंद हाय."

मायचं तोंड टीव्हीकडेच. तिला ते ऐकू गेलं नाही. मग ती जिंकलेल्या माणसाच्या तोऱ्यात आमच्याकडे वळली आणि तिनं आमचे चेहरे पाहिले. चेहरे वाचण्यात तिचं आयुष्य गेलेलं. तिनं एकदा टीव्हीकडे बघितलं, एकदा माझ्या हातातल्या रिमोटकडे.

इथं मी घरातला कर्ता म्हणून काहीतरी करायला हवं होतं. मी केलं. मी म्हणालो, "हो हो, आलं की. मी बी ऐकलं." आयुष्यात इतकं खोटं मी तपासणीला आलेल्या साहेबांपुढेही बोललो नव्हतो.

माय खुर्चीवरून उठली. "चुकलं असंल," म्हणाली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसली.

आठवीला मी ध्वनी हा धडा शिकवतो. त्यात एक प्रयोग आहे: काचेच्या हंडीत विजेची घंटा लावायची आणि हंडीतली हवा काढून घ्यायची. घंटा वाजताना दिसते पण ऐकू येत नाही. आमच्या शाळेत ती हंडी नाही, म्हणून मी दरवर्षी फळ्यावर चित्र काढतो आणि मुलांना म्हणतो, कल्पना करा. आणि माझ्या घरात रोज साडेसातला तोच प्रयोग साहित्यासकट चालू होता.

मग एकेक आठवायला लागलं. "भाजी कोणती करू?" विचारलं की "सहाला," असं उत्तर यायचं. येलदरीच्या मावशीचा फोन आला की माय एकटीच बोलायची, सलग, आणि मावशीची पाळी यायच्या आत "बरं ठेव आता" म्हणायची. हे सगळं आम्ही कूलरवर ढकललं होतं. उन्हाळ्यात आमच्या घरात सगळेच ओरडून बोलतात. त्या ओरड्यात तिचं न ऐकणं बेमालूम मिसळून गेलं.

दुसऱ्या दिवशी साडेसातला माय ओट्यावर. तिसऱ्या दिवशीही. कूलरसमोरची खुर्ची रिकामी, आणि तिच्यावर बसायची कुणाचीच हिंमत नाही. आम्ही तिघं घाम पुसत बाजूला. सिस्टर कुंपणापाशी आल्या तर माय म्हणाली, "मला काय म्हाईत. मी न्हाई बघत आता."

चौथ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर तिच्याजवळ बसलो आणि जरा मोठ्यानं म्हणालो, "माय, कान दाखवायचा का एकदा?"

"आं?"

"कान. डॉक्टरला. दाखवायचा का?"

"कुनाला?"

मी पूर्ण ताकदीनं ओरडलो. समोरच्या घरातून डोकं बाहेर आलं. त्याच घराच्या वरच्या मजल्यावरचा म्हातारा म्हणाला, "दाखवा, दाखवा." सिस्टर कुंपणावरून म्हणाल्या, "कुणाचा कान, सर?" गल्लीतल्या सगळ्यांना कळलं, फक्त जिचा कान तिचं तोंड दुसरीकडे होतं.

मग मी तिच्यासमोर खाली बसलो. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं.

"असं समोर बसून बोल," ती म्हणाली. "समोर बसला की मला समदं कळतंय. मशीन-बिशीन नगं."

"कामून नगं? लय लोक लावतेत."

ती बराच वेळ ज्वारी पाखडत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या आज्जीला ऐकू येईना झालं, म्हाईत हाय ना? आधी समद्यांनी आवाज वाढवला. मंग हातवारे करायले. मंग तिनं इचारलं, काय झालं गं? तर आमी म्हनायचो, काही न्हाई. लगीन ठरलं, काही न्हाई. भांडन झालं, काही न्हाई. धा वर्सं त्या बाईला आमी काही न्हाई-काही न्हाई सांगितलं. मी बी सांगितलं. कामाच्या घाईत कोन दोनदा बोलतंय? मशीन लावलं की समद्यांना कळंल, ही बहिरी. मंग तुमी बी सुरू व्हताल."

"आमी न्हाई म्हननार तसं."

"बघू," माय म्हणाली आणि सूप आपटलं.

तेव्हा मला कळलं की ती खुर्चीसाठी जिंकत नव्हती. रोज साडेसातला ती आम्हाला सांगत होती की मला ऐकू येतंय, मला धरून चाला.

माझा शब्द मी दोन दिवस पाळला. तिसऱ्या दिवशी जेवताना लेक तिच्या शिकवणीच्या सरांची नक्कल करत होती. हे सर प्रत्येक वाक्यानंतर "समजलं का, नसंल तर सोडून द्या" म्हणतात. बायकोला ठसका लागला. मला हसू आवरेना. माय भाकरी मोडता मोडता थांबली, तिघांकडे बघितलं आणि विचारलं, "काय झालं?"

माझ्या तोंडात घास होता. नक्कल समजावून सांगायची म्हणजे आधी सर सांगायचे, मग त्यांची सवय. मी हात हलवला आणि म्हणालो, "काही न्हाई माय, जेव तू."

मायनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "एवढे दोन शब्द," ती म्हणाली, "मला बहिरी असून बी ऐकू येतेत."

रागावली नव्हती. पैज जिंकल्यासारखी, पण जिंकायची इच्छा नसल्यासारखी बोलली.

आणि माझ्या लेकीनं, जिच्या डोक्यात अभ्यास सोडून सगळं वेळेवर येतं, मांडीवर थाप मारली. "आलं."

"काय आलं?" मी म्हणालो.

"नाव आलं. पप्पा, तुमी आउट." मग ती उठून आजीसमोर जाऊन बसली आणि तोंड मोठं करत, सावकाश म्हणाली, "आज्जी, आजपासून नवा खेळ. तुला कुनी 'काही नाही' म्हनलं की तू थाप मारायची. जो म्हनंल त्यानं त्या दिवशीची सगळी भांडी घासायची. आनि झालेली गोष्ट तुला पहिल्यापासून सांगायची."

मायनं विचार केला. "खेळ खरा का? का म्हातारीला खूश करायला?"

"खरा."

"बापाला बी लागू?"

"बापाला पहिल्यांदा."

"मंग उठ," माय मला म्हणाली, "भांडी घास. आनि ते सरांचं सांग."

मी मोरीत बसून भांडी घासत घासत मान वळवून वळवून सरांची नक्कल केली. ती मोरीच्या दारात पाट टाकून बसली होती. नक्कल चांगली झाली नाही. "पोरगी चांगली करती," माय म्हणाली. जाता जाता तिनं मागं न बघता आणखी एक वाक्य टाकलं, "बघू ते मशीन काय म्हनतंय."

कानाच्या दवाखान्यात आधी तपासणी असते. काचेच्या खोलीत बसवतात, कानाला हेडफोन लावतात आणि सांगतात, आवाज आला की हातातलं बटण दाबा. माय आत बसली. पहिल्या दहा मिनिटांत तिनं एकही आवाज सोडला नाही. तपासणारी मुलगी चक्रावली. मग तिच्या लक्षात आलं की मावशी काचेतून आपल्या हाताकडे बघायल्यात आणि आपण बटण फिरवलं की त्याही दाबायल्यात. तिनं मायला भिंतीकडे तोंड करून बसवलं. बाहेर आल्यावर माय मला म्हणाली, "पोरगी हुशार हाय. कॉपी पकडली."

वाट बघता बघता मी तिला समोर बसून विचारलं, "माय, ते मालिकेतलं नाव तुला कसं कळायचं गं? आवाज तर येत नव्हता."

विज्ञान शिकवायला याला कुणी ठेवलं, असं तिनं माझ्याकडे बघितलं. "पंखा," ती म्हणाली.

"कोनता पंखा?"

"नाव यायच्या आधी त्या पोरीचे केस उडतेत. बंद खोलीत वारं कुठून येईल? ते पंखा लावतेत. मंग समद्यांची तोंडं एक-एक दावतेत. मंग म्हातारीचं तोंड. ओठ उघडले की थाप मारायची. तुमी कामून हरायले तेच मला कळंना. तुमी ऐकत बसायचे."

आठवड्याभरानं मशीन आलं. डॉक्टरबाईंनी ते तिच्या कानात बसवलं, कसलातरी बारीक काटा फिरवला आणि विचारलं, "आजी, येतंय का ऐकू?"

माय दचकली. छताकडे बघितलं, तिथं पंखा किरकिरत होता. मग मी खुर्ची सरकवली तर माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "माय, मी बोलायलोय. येतंय का?"

तिनं कान माझ्याकडे केला. "तुझा आवाज तुझ्या बापावानी झालाय," म्हणाली. "कवापासून?"

मी चष्मा पुसला.

निघताना मायनं पदर डोक्यावर घेतला, डॉक्टरबाईंना हात जोडले आणि मुद्दाम नीट उच्चार करत म्हणाली, "जाते बरं का, बाई." कारण दवाखान्यातून निघताना 'येते' म्हणायचं नसतं, ही तिची कडक शिस्त. नात झाली तेव्हाही ती प्रसूतिगृहातून 'जाते' म्हणूनच बाहेर पडली होती.

डॉक्टरबाई हसल्या. खाली बघून कागदावर काहीतरी लिहीत होत्या, ओठ दिसतही नव्हते. म्हणाल्या, "अहो, पंधरा दिवसांनी आवाज जुळवून घ्यायला यायचंय ना? मग जाते नाही आजी, येते म्हणावं."

तोवर माय दाराकडे वळली होती, पाठ त्यांच्याकडे. ती दारातच थांबली. मग दवाखान्याच्या दारात, बाहेर बाकावर बसलेल्या आठ-दहा पेशंटांसमोर, तिनं मांडीवर अशी थाप मारली की एक लहान मूल रडायला लागलं. "आलं."

"कोण आलं?" डॉक्टरबाई उठून उभ्या राहिल्या.

मी त्यांना समजावायचा प्रयत्न केला. मालिका, नाव, कूलर, खुर्ची. अर्ध्यावर मलाच कळलं की हे समजावून सांगण्याजोगं नाही. तरी मी 'काही नाही' म्हणालो नाही. सवय लागत होती.

घरी आल्यावर खटला उभा राहिला. माय थेट कूलरसमोरच्या खुर्चीवर जाऊन बसली आणि म्हणाली, "जिंकून आले." लेक न्यायाधीश. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आज्जी, नियम असा हाय की मालिकेतल्या मान्सानं बोलायला पाहिजे. डॉक्टरीन बाई मालिकेत न्हाईत."

"पंखा होता का न्हाई, इचार तुझ्या बापाला."

"होता," मी म्हणालो.

"खोली बंद होती का न्हाई?"

"होती."

"बाईचे केस उडायले होते का न्हाई?"

मी आठवलं. खरंच उडत होते.

"मंग झालं तर," माय म्हणाली. "अजून काय लागतंय मालिकेला?"

खुर्ची तिला मिळाली. ती दहा मिनिटंही बसली नाही. लेकीनं कूलर लावला आणि माय कानावर हात ठेवून उठली. "हे एवढं कोकलतंय व्हय? आनि मी दोन महिने याच्या तोंडात बसले?" आम्ही म्हणालो, आम्ही रोज हेच ऐकतो. "तरीच तुमी हरायले," म्हणाली.

त्या दिवशी कूलर बंद ठेवून, घामाघूम होत आम्ही मालिका पाहिली. सिस्टर ड्युटीवरून थेट आल्या होत्या, मावशीचं मशीन बघायला. माय अगदी पुढं सरकून बसली. खाष्ट आत्या रडत होती आणि म्हणत होती की घराचे कागद माझ्या नावावर करा. मायच्या कपाळाला आठी पडली.

"कागदं?" ती म्हणाली. "ही बाई कागदासाठी रडती?"

"मग कशासाठी?" बायकोनं विचारलं.

सिस्टर माझ्या मायकडे बघत होत्या. "मावशी, तुमी तर सांगितलं होतं की आत्या त्या सुनेची खरी आई हाय. लहानपणी पोरगी सोडून दिली होती, आता जवळ घेता येईना म्हणून रडती."

"तोंडावरून तसंच वाटायचं गं."

"म्हणजे न्हाई?" सिस्टर म्हणाल्या. "मी तर आख्ख्या वॉर्डात हीच गोष्ट सांगितली. दोन पेशंट घरी सोडले तरी रोज फोन करून इचारायलेत, आईनं सांगितलं का म्हणून."

टीव्हीवर आत्या अजून कागदांवरच होती. मायनं हात वर नेला, कानातलं मशीन काढलं, डबीत ठेवलं आणि डबीचं झाकण लावलं.

"तुमचं ऐकायला लावीन मी हे," ती म्हणाली. "यांचं नगं. बोलनं ऐकलं की गोष्ट बिघडती. लाव गं तो कूलर."

तेव्हापासून तसंच चालू आहे. दिवसभर मशीन कानात, साडेसात ते आठ डबीत. सिस्टर जमेल तेव्हा येऊन बसतात आणि आम्ही टीव्हीचा आवाज बंद करून ठेवतो. माय चेहरे बघून सांगत जाते, की आत्याचं काळीज आता कसं तुटायलंय, पोरीला संशय कसा यायलाय. वॉर्डालाही म्हणे हीच गोष्ट पाहिजे. पंखा लागला, केस उडाले की माय थाप मारते. आम्ही अजूनही हरतो.

परवा असंच. माय डबी मांडीवर ठेवून टीव्ही बघत होती. बायको माझ्या कानात काहीतरी म्हणाली, माझ्या पँटबद्दल, जी मी दिवसभर शाळेत उलटी, खिसे बाहेर लोंबत, घालून फिरलो होतो, आणि मराठीच्या बाईंनी ती पाहूनही काही न बोलता तेच जुनं बघणं बघितलं होतं. मी हसलो. मायनं मान वळवली. "काय झालं?"

तोंड उघडेपर्यंत माझ्या जिभेवर ते दोन शब्द आलेही होते. समोर लेकीचा हात मांडीच्या वर अधांतरी तयार. मायचाही.

मी उठलो. टीव्हीच्या आड येत खुर्चीसमोर खाली बसलो आणि तोंड मोठं करून, सावकाश, पहिल्यापासून सांगितलं. सकाळची घाई, अंधारात चढवलेली पँट, मधली सुट्टी, बाई. तिनं एक शब्द न सोडता सगळं बघितलं.

"एवढंच?" ती म्हणाली. "सरक आता, केस उडायलेत."